बाल्टिमोरच्या होड्या, 'पद्मा' जहाज आणि 'तुझं सरकार'

खाडीकाठची

गेल्या महिन्यात आमच्या ऑफिसातले एक ज्येष्ठ सहकारी निवृत्त झाले. मूळचे आताच्या बांगलादेशातल्या जेसोरचे. आम्ही त्यांना दादाच म्हणतो. १९७१ मध्ये सोळा-सतरा वर्षांचे होते आणि आई, दोन बहिणी आणि एक पत्र्याची ट्रंक घेऊन चालत सीमा ओलांडून बनगावला आले होते. निरोपाच्या जेवणात त्या दिवसांचा विषय निघाला तेव्हा मला म्हणाले, "आमच्यावर चाललेल्या बंदुका तुझ्या सरकारने दिलेल्या होत्या." मी चटकन म्हणाले, "दादा, भारताने तर तुम्हाला आसरा दिला!" ते म्हणाले, "भारत नाही गं. तुझं आत्ताचं सरकार म्हणतोय मी."

मी नाशिकची. एकाहत्तरचं युद्ध म्हटलं की आजीने सांगितलेला ब्लॅकआउट, खिडक्यांना चिकटवलेले काळे कागद आणि शेवटी आपला विजय, एवढंच मनात होतं. त्या गोष्टीत मी कायम बरोबर बाजूला उभी असायचे. २०१४ मध्ये बाल्टिमोरला हात वर करून अमेरिकन नागरिकत्वाची शपथ घेतली, तेव्हा त्या गोष्टीतली माझी जागा बदलते आहे हे डोक्यातही आलं नाही.

दादांनीच सांगितलं म्हणून मग वाचत गेले. जे कळलं ते इथे मांडते, कारण आपल्यापैकी अनेकांना निक्सन-किसिंजर आणि सातवं आरमार माहीत असतं, ही बाजू नसते.

२५ मार्च १९७१ च्या रात्री ढाक्यात, म्हणजे तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात, पाकिस्तानी लष्कराची कारवाई सुरू झाली. तिथे अमेरिकेचे कॉन्सुल जनरल होते आर्चर ब्लड. ६ एप्रिलला त्यांच्या कचेरीतून वॉशिंग्टनला एक तार गेली. तिच्यावर वीस अमेरिकन कर्मचाऱ्यांची नावं होती आणि मजकूर सरळ होता: इथे लोकशाही चिरडली जाते आहे, कत्तली होत आहेत, आपलं सरकार त्याचा साधा निषेधही करत नाही, हे आम्हाला मान्य नाही. ब्लड यांनी तिला दुजोरा दिला आणि त्यांची ढाक्यातून उचलबांगडी झाली. निक्सनना पाकिस्तानचे लष्करशहा याह्याखान हवे होते, कारण चीनचं दार त्यांच्यामार्फत उघडत होतं. जुलैमध्ये किसिंजर पोट बिघडल्याचं निमित्त करून पाकिस्तानातून गुपचूप पेकिंगला जाऊन आले ते याच वाटेने.

आता बाल्टिमोर. पाकिस्तानला जाणारी शस्त्रं थांबवली आहेत असं अमेरिकेचं सरकार सांगत होतं. प्रत्यक्षात आधी दिलेल्या परवान्यांवरचा माल जातच होता. २२ जूनला 'न्यूयॉर्क टाइम्स'ने ही बातमी फोडली. माल नेणाऱ्या दोन पाकिस्तानी जहाजांची नावं होती 'सुंदरबन' आणि 'पद्मा'. ज्या बंगालची माणसं मारायची, त्याच बंगालचं जंगल आणि त्याचीच नदी.

जुलैच्या मध्यात 'पद्मा' बाल्टिमोरला येणार हे कळलं तेव्हा फिलाडेल्फिया आणि बाल्टिमोरच्या काही लोकांनी, त्यात क्वेकर पंथाचे बरेच होते, कनू आणि कयाक पाण्यात घातल्या. एवढंएवढंसं वल्ह्याचं होडकं, आणि समोर समुद्रावर चालणारं मालवाहू जहाज. तटरक्षक दलाने त्यांना बाजूला काढलं, काहींना अटक केली. जहाज शेवटी धक्क्याला लागलंच. पण ती चित्रं देशभर पोचली. ऑगस्टमध्ये फिलाडेल्फियाला 'अल अहमदी' नावाचं दुसरं पाकिस्तानी जहाज आलं, तेव्हा गोदी कामगारांनी माल चढवायला नकार दिला आणि ते रिकामं परत गेलं. ऑक्टोबरात हीच मंडळी व्हाइट हाउससमोरच्या बागेत सांडपाण्याच्या पाइपांत राहिली, कारण कोलकात्याच्या सॉल्ट लेकमध्ये निर्वासित तशाच पाइपांत राहत होते. नोव्हेंबरात सरकारने उरलेले परवाने रद्द केले.

गेल्या रविवारी बंदरावर जाऊन आले. पाणी मातकट, वारा बोचरा. भाड्याच्या कयाकमधून दोन मुली चालल्या होत्या. धक्क्यावरून पाहिलं तर ते होडकं तळहाताएवढं दिसतं. यांना घरी कुणी वाट पाहणारं नव्हतं का, असंच पहिल्यांदा मनात आलं. त्यांचं बंगालमध्ये कुणी नव्हतं. अनेकांनी ते नकाशावरही पाहिलं नसेल. माल आपल्या बंदरातून, आपल्या सरकारच्या परवान्याने चालला आहे, एवढं त्यांना पुरलं.

मी इथे कर भरते, मत देते. माझ्या जन्माआधी या सरकारने जे केलं त्याचं माझ्याकडे काही देणं लागतं का? आणि आज जे चाललंय त्याचं किती? तुम्हा सगळ्यांना मनापासून विचारते आहे.

---

बेळगावकर

ताई, फार चांगला धागा. यात आमच्या गावचं एक नाव यायलाच हवं. अँथनी मस्कारेन्हास. जन्म १९२८, बेळगाव. गोव्याकडचं ख्रिस्ती कुटुंब, पण वाढले कराचीत आणि फाळणीनंतर पाकिस्तानचे नागरिक झाले. एप्रिल १९७१ मध्ये पाकिस्तानी लष्कराने आठ पत्रकारांना पूर्व बंगाल दाखवायला नेलं, "सगळं आलबेल आहे" असं लिहून यावं म्हणून. सात जणांनी तसं लिहिलं. मस्कारेन्हास घरी आले आणि त्यांच्याच्याने लिहवेना.

आजारी बहिणीला भेटायचं निमित्त करून ते लंडनला गेले, 'संडे टाइम्स'च्या संपादकांना भेटले. मग संशय येऊ नये म्हणून परत कराचीला आले. बायको आणि पाच मुलं आधी बाहेर काढली आणि स्वतः सरहद्दीवरून अफगाणिस्तानात उतरले. १३ जून १९७१ ला लेख आला आणि जगाने हा शब्द ठळक अक्षरांत वाचला: वंशसंहार.

सांगायचं हे की ते शत्रुदेशाचे पत्रकार नव्हते. आपल्याच सैन्याबद्दल लिहीत होते, जेवणाच्या टेबलावर ज्या अधिकाऱ्यांनी त्यांना विश्वासाने सगळं सांगितलं त्यांच्याबद्दल. घर, नोकरी, देश, सगळं एका लेखात गेलं. गावात त्यांच्या नावाचा एखादा रस्ता असावा असं मला फार वाटतं.

---

सह्यकडा

लेख मनापासून लिहिलाय, पण मूळ मुद्द्याशी असहमत. परराष्ट्र धोरण हे भावनेवर चालत नाही. निक्सनने चीनचं दार उघडलं, त्याने शीतयुद्धाचं पारडं फिरलं. त्या निर्णयामागची माहिती होड्यांत बसलेल्यांना नव्हती, किसिंजरना होती. सामान्य नागरिकाला ना गुप्तचर अहवाल दिसतात ना वाटाघाटी. ज्या गोष्टीची माहिती नाही आणि जी आपल्या हातात नाही, तिची जबाबदारी कशी घ्यायची? मत पाच वर्षांतून एकदा देतो, तेही रस्ते, पाणी, वीज, भाव बघून. म्यानमारमध्ये भारताने काय करावं यावर महाराष्ट्रात आजवर एक तरी निवडणूक लढली गेली आहे का?

---

खाडीकाठची

सह्यकडा, होड्यांतल्या लोकांना किसिंजरइतकी माहिती नव्हती हे खरं. पण ढाक्यात काय चाललं होतं याची माहिती ब्लडना किसिंजरपेक्षा जास्त होती, आणि ती वॉशिंग्टनने वाचून बाजूला ठेवली. माहितीचा अभाव वर नव्हता.

---

माझगावचा

मी गोदीवाल्याचा मुलगा. बाबा मुंबई बंदरात टोळीत होते, इंदिरा डॉकला बरीच वर्षं. त्यामुळे ताईंनी लिहिलेलं 'माल चढवायला नकार दिला' हे वाक्य मी थांबून पुन्हा वाचलं. बाहेरच्याला ते सोपं वाटतं.

टोळी म्हणजे एक माणूस नव्हे. खाली बोटीच्या पोटात माणसं, वर विंच चालवणारा, धक्क्यावर माणसं, मुकादम. एकाने हूक खाली ठेवला तर सगळ्यांचं काम थांबतं. जेवढा माल उचलला त्यावर कमाई ठरायची. जहाज रिकामं गेलं म्हणजे त्या आठवड्यात घरी पैसे कमी. आई किराणावाल्याकडे वहीवर लिहून आणायची ते मला चांगलं आठवतं. फिलाडेल्फियाच्या त्या माणसांनी कुठल्या तरी लांबच्या देशातल्या, आयुष्यात कधी न भेटणाऱ्या माणसांसाठी आठवड्याचा पगार सोडला. परराष्ट्र धोरणाची जबाबदारी म्हणजे काय हे मला तरी तिथे कळतं, भाषणात नाही.

बाबा आता चौऱ्याऐंशीचे आहेत. त्यांना हा धागा वाचून दाखवणार आहे. काय म्हणतात ते लिहितो.

---

निवांत

+१. माझगावचा, जरूर लिहा.

---

कलमबहाद्दर

वकिली करतो म्हणून दोन गोष्टी वेगळ्या काढतो. या चर्चेत त्या एकमेकींत मिसळल्या की भांडण सुरू होतं.

अपराध आणि जबाबदारी एक नव्हेत. युद्धानंतर, १९४५-४६ च्या हिवाळ्यात, कार्ल यास्पर्स या तत्त्वज्ञाने हायडेलबर्ग विद्यापीठात जर्मन विद्यार्थ्यांसमोर नेमकी हीच फोड केली. गुन्हा ज्याने केला त्याचा, त्याला शिक्षा न्यायालय देईल. पण राज्याने नागरिकांच्या नावाने जे केलं त्याचे परिणाम सगळ्या नागरिकांना उचलावे लागतात, ज्यांनी विरोध केला त्यांनाही. बापाचं कर्ज मुलाने काढलेलं नसतं, पण वारसा घेतला की कर्जही येतं. खाडीकाठची ताई शपथ घेऊन त्या घरात गेल्या आहेत. त्यांनी कुणाला मारलं नाही. पण ब्लड यांचं घरही तेच आणि निक्सनचं घरही तेच.

दुसरं आपल्याकडचं. भारतात परराष्ट्र व्यवहार पूर्णपणे केंद्राच्या यादीत. आंतरराष्ट्रीय करार करायला सरकारला संसदेची मंजुरी लागत नाही, ती लागते करारासाठी देशातला कायदा बदलायचा असेल तर. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(अ) मध्ये परराष्ट्र संबंधांना बाधा येईल अशी माहिती नाकारता येते. म्हणजे सह्यकडा म्हणतात ते खरं आहे, दार बरंच बंद आहे. पण फट आहे. लोकसभेत रोज २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न घेतले जातात, आणि आपल्या खासदाराने लेखी प्रश्न टाकला आणि तो स्वीकारला गेला तर मंत्रालयाला लेखी उत्तर द्यावंच लागतं. संविधानाचा अनुच्छेद ५१ आंतरराष्ट्रीय शांतता आणि कायद्याचा आदर ही राज्याची दिशा सांगतो. न्यायालयात तो बजावता येत नाही, पण खासदारासमोर तो ठेवता येतो.

---

शाळामास्तर

निवृत्त शिक्षक आहे, सांगली जिल्हा. "जनमताने परराष्ट्र धोरण हलत नाही" असं म्हणणाऱ्यांना २००३ ची आठवण देतो. इराकवर हल्ला झाला. ८ एप्रिलला लोकसभेत एकमताने ठराव झाला. त्याआधी एका शब्दावरून ओढाताण होती. इंग्रजी मसुद्यात सौम्य शब्द, पण हिंदी ठरावात शब्द आला 'निंदा'. मी तेव्हा नववीच्या वर्गात फळ्यावर तो शब्द लिहून तासभर बोललो होतो, कारण आपल्यालाही तो शब्द तसाच कळतो. मग अमेरिकेने भारताकडे इराकसाठी सैन्य मागितलं, जवळपास एक डिव्हिजन. सरकारात द्यावं म्हणणारेही होते. १४ जुलै २००३ ला निर्णय झाला: संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश नसेल तर नाही. संसदेचा ठराव, विरोधी पक्ष, सैनिकांची कुटुंबं, गावोगावी "आपली पोरं का म्हणून?" हा प्रश्न, या सगळ्याचं वजन त्या 'नाही'त होतं. आमच्या तालुक्यात घरटी एक माणूस फौजेत आहे. तो प्रश्न मी स्वतः एसटी स्टँडवर ऐकला आहे.

---

डोंगरपार

सह्यकडांनी म्यानमारचं नाव काढलं म्हणून लिहिते. एरवी मी वाचनमात्र असते.

बँकेच्या बदलीमुळे मी तीन वर्षं मिझोराममध्ये होते, काही काळ चांफाईला. तिथून झोखावथार हे सीमेवरचं गाव जवळ. मध्ये तिआऊ नदी, उन्हाळ्यात गुडघाभर पाणी. पलीकडे म्यानमारचा चिन प्रांत.

१ फेब्रुवारी २०२१ ला तिथे लष्कराने सत्ता घेतली. १० मार्चला केंद्रीय गृहखात्याचं पत्र चार राज्यांना आलं: येणाऱ्यांना रोखा. १८ मार्चला मिझोरामचे मुख्यमंत्री झोरामथांगा यांनी पंतप्रधानांना लिहिलं की हे आमच्या रक्ताचे लोक आहेत, आम्ही तटस्थ राहू शकत नाही. २७ मार्चला म्यानमारच्या सशस्त्र सेना दिनाच्या संचलनाला आपले लष्करी प्रतिनिधी हजर होते. त्याच दिवशी त्या देशात शंभरावर माणसं गोळीबारात मेली. आणि १८ जूनला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत म्यानमारला शस्त्रं जाऊ देऊ नयेत असं म्हणणारा ठराव आला तेव्हा ११९ देश बाजूने, एक विरोधात, ३६ तटस्थ. भारत तटस्थ.

हे मी बातम्यांत वाचत होते आणि खिडकीतून दुसरंच बघत होते. मिझो घरांत एक जुनी पद्धत आहे, बुहफाई थाम. स्वयंपाक करताना घरची बाई दर वेळी मूठभर तांदूळ वेगळ्या डब्यात टाकते. ते तांदूळ चर्चला जातात. आपल्याकडे कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहांसाठी मुष्टिफंड असायचा ना, अगदी तसंच. माझी घरमालकीण बारीक चणीची, पासष्टीची बाई. त्या मार्चनंतर ती एका मुठीऐवजी दोन मुठी टाकायला लागली. मी विचारलं तर म्हणाली, "खाणारे वाढलेत." यंग मिझो असोसिएशनची पोरं बांबू, ताडपत्री, जुनी ब्लँकेटं गोळा करत दारोदार फिरायची. कुणी त्यांना परराष्ट्र धोरण शिकवलं नव्हतं. भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, त्यामुळे कायद्याने ती माणसं फक्त 'बेकायदा आलेली'. त्या बाईच्या डब्यात तसा काही फरक नव्हता.

मी केंद्राच्याच एका बँकेची नोकरदार. पगार तिथून, ओळखपत्र तिथलं. तेव्हा पहिल्यांदा वाटलं की तो 'तटस्थ' शब्द माझ्याही नावावर लागला आहे.

---

सह्यकडा

डोंगरपार, वाचून गलबललं. तरी माझा प्रश्न तसाच आहे. म्यानमारशी आपली १,६४३ किलोमीटरची सीमा. ईशान्येतल्या बंडखोरांचे तळ तिकडे होते आणि ते उठवायला तिथल्या लष्कराची मदत लागायची. सित्वे बंदर आपण बांधलं, तिथून मिझोरामला येणारा कलादान मार्ग बांधतोय. आपण पाठ फिरवली की चीन आत येतो. १९८८ मध्ये आपण लोकशाहीवाद्यांना उघड पाठिंबा दिला, पुढे आंग सान सू ची यांना नेहरू पुरस्कार दिला, त्यातून पदरात काय पडलं? मग नव्वदीत धोरण बदलावंच लागलं. ज्या सरकारला सीमेवरच्या जवानाचा जीव सांभाळायचा आहे त्याने काय करायचं होतं?

---

कलमबहाद्दर

प्रामाणिक प्रश्न आहे आणि जवानाचा जीव ही क्षुल्लक गोष्ट नाही. पण व्यवहाराच्याच निकषावर तपासू या. सप्टेंबर २००७ मध्ये यांगूनच्या रस्त्यावर हजारो भिक्खू उतरले होते आणि त्याच आठवड्यात आपले पेट्रोलियम मंत्री मुरली देवरा, म्हणजे मुंबई दक्षिणचे राजकारणी, नेपिडोला वायूच्या करारांवर सह्या करायला गेले होते. लष्कर टिकाऊ आहे, लोक येतात-जातात, हा त्यामागचा हिशेब. जानेवारी २०२४ मध्ये पलेत्वा हे शहर आराकान आर्मीने, म्हणजे तिथल्या लष्कराविरुद्ध लढणाऱ्या बंडखोरांनी घेतलं. आपला कलादान मार्ग नेमका पलेत्वावरून जातो. म्हणजे ज्याच्याशी दोस्ती राखायला आपण गप्प बसलो, त्याच्या हातात आता रस्ताच नाही. गप्प बसणं म्हणजे व्यवहार आणि बोलणं म्हणजे भावना, ही वाटणी मला पटत नाही.

आणि धोरण सरकारी असूनही नागरिक वेगळं वागू शकतो याचं उदाहरण दिल्लीतच होतं. जॉर्ज फर्नांडिसांनी त्यांच्या कृष्ण मेनन मार्गावरच्या बंगल्यात बर्मी विद्यार्थ्यांना जागा दिली होती. संरक्षणमंत्री असतानाही ते विद्यार्थी तिथेच होते.

---

सह्यकडा

पलेत्वाचा मुद्दा मान्य. त्यावर विचार करतो. तटस्थ मतदानावर मात्र माझं अजून पक्कं मत नाही.

---

बेळगावकर

जाता जाता, वरच्या 'जन्माआधीचं देणं' या प्रश्नावर. पाकिस्तानातही १९७१ मध्ये बोलणारे थोडे होते. मलिक गुलाम जिलानी यांनी पूर्वेकडच्या लष्करी कारवाईला जाहीर विरोध केला आणि त्यांना तुरुंग मिळाला. त्यांच्या मुलीने वडिलांसाठी खटला लढवला. ती म्हणजे पुढे मानवी हक्कांसाठी लढणाऱ्या वकील अस्मा जहांगीर. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच खटल्यात याह्याखानने सत्ता बळकावली होती असा निकाल दिला. आणि १९९६ मध्ये लाहोरच्या स्त्रीचळवळीतल्या बायकांनी बांगलादेशी स्त्रियांची जाहीर माफी मागितली. सरकारने मागितलेली नव्हती. त्यातल्या कितीतरी जणी एकाहत्तरमध्ये शाळेत असतील.

---

शाळामास्तर

कलमबहाद्दर, अतारांकित प्रश्नाचा मसुदा कसा असावा ते इथे टाकाल का? आमच्या वाचनालयातर्फे खासदारांना द्यायचा आहे. मिझोराममधल्या निर्वासितांना केंद्राकडून धान्य आणि औषध किती गेलं, एवढाच साधा प्रश्न.

---

कलमबहाद्दर

उद्या टाकतो. छोटा ठेवा. एक विषय, तीन पोटप्रश्न, आणि प्रत्येक पोटप्रश्नाचं उत्तर आकड्यात किंवा हो-नाहीत येईल असा.

---

माझगावचा

बाबांना सगळा धागा वाचून दाखवला. मिझोरामच्या आजींची दोन मुठींची गोष्ट त्यांनी पुन्हा वाचायला लावली.

मग विचारलं, बाबा, तुम्ही असता तर माल उचलला असता का? बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पेटीवर मार्क असतो. कुठून आली, कुठे चालली, किती वजन. आत काय आहे ते टोळीला कोण सांगतो? आम्ही आयुष्यभर मार्क बघून पेट्या उचलल्या. तिकडच्या लोकांना पेपरवाल्याने सांगितलं आत काय आहे ते. एकदा कळल्यावर उचलणं कठीण."

मी म्हटलं, पण उचलला असतात का? म्हणाले, "मुकादमाला विचारलं असतं, आत काय आहे सांग. नाही सांगितलं तर टोळीला विचारलं असतं. एकट्याने हूक ठेवून काय होतं? टोळीने ठेवायला पाहिजे."

---

खाडीकाठची

माझगावचा, बाबांना माझा नमस्कार सांगा. हे मी दादांना फोनवर वाचून दाखवलं, बंगालीत जमेल तसं. ते म्हणाले, त्यांची ट्रंक अजून आहे. पुढच्या शनिवारी त्यांच्याकडे जेवायला बोलावलंय.